जिंकणे निराळे, धरणे निराळे : पोकेमॉनमधील पकडण्याच्या युक्त्यांचा आढावा

शत्रूचा पाडाव केला की खेळाडूचे कर्तव्य संपले, असे मानणारे व्हिडिओ गेम असंख्य आहेत; परंतु समोर आलेल्या प्राण्याला पाडावयाचे नाही, पळूनही जाऊ द्यावयाचे नाही, आणि त्याची शक्ती जवळजवळ संपुष्टात आणून नेमक्या अखेरच्या घावाआधी आपला हात आवरावयाचा, अशी नाजूक शर्त ज्या खेळाने जगभरच्या मुलांपुढे ठेवली, त्या पोकेमॉनची जातकुळी या सर्वांहून वेगळी आहे. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे जुळे खेळ विक्रीस आले, तेव्हापासून वन्य जीव धरण्याची एक स्वतंत्र विद्याच आकारास येत गेली असून, तिच्यातील हिशेब, साधने, श्रद्धा आणि वाद यांचा पसारा आता इतका वाढला आहे की तो एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे झाले आहे. माझा पक्ष आरंभीच सांगून टाकतो: या विद्येत बळाचा वाटा लोक समजतात त्याहून फार थोडा आहे, आणि जो खेळाडू प्राण्याची प्रकृती, त्याची झोप, त्याचा वेग आणि त्याचे भय ओळखतो त्यालाच यश थोडक्या खर्चात मिळते.

रानटी जीव आपल्या पक्षाला वळवून घेण्याची कल्पना पोकेमॉननेच प्रथम काढली असे मात्र नव्हे. १९८७ मध्ये निघालेल्या ‘मेगामी तेन्सेई’ या जपानी खेळात दानवांशी बोलणी करावी लागत. त्यांना पैसा द्यावा, गोड बोलावे, त्यांचा अहंकार सांभाळावा, म्हणजे ते तुमच्या फौजेत दाखल होत, आणि त्या मालिकेच्या पुढील खेळांत तर पौर्णिमेच्या रात्री अशा वाटाघाटी हमखास फिसकटत. १९९२ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ मध्ये पराभूत राक्षस कधीमधी स्वतःच उठून नायकाच्या मागे येण्याची इच्छा दर्शवी, आणि १९९८ मध्ये त्याच घराण्यातून निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स’मध्ये मांसाचा तुकडा टाकून त्याची मर्जी संपादन करता येई. आपल्याकडील राजनीतीच्या परिभाषेत सांगावयाचे तर साम आणि दाम हे उपाय या क्षेत्रात आधीच रूढ होते. पोकेमॉनने जे नवे आणले ते म्हणजे फेकावयाचा गोळा, आणि त्या गोळ्यामागे दडलेले गणित.

या खेळाचा जनक सातोशी ताजिरी हा टोकियोच्या बाहेरील माचिदा भागात वाढला. त्या भागातील तळी आणि झाडी इमारतींखाली जाण्यापूर्वी तो किडे गोळा करण्यात इतका रमे की सोबत्यांनी त्याला ‘डॉक्टर बग’ असे नाव ठेवले होते. ताजिरीने पुढे एका मुलाखतीत सांगितलेला प्रसंग या संपूर्ण विषयाची किल्ली आहे असे मला वाटते. भुंगेरे पकडण्यासाठी इतर मुले झाडाच्या सालीला मध लावून ठेवीत. याने मात्र झाडाखाली दगड ठेवण्याची तजवीज केली, कारण हे किडे दिवसा झोपतात आणि झोपण्यासाठी दगडाखालची जागा पसंत करतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. सकाळी दगड उचलावा आणि खाली निजलेला भुंगेरा अलगद उचलून घ्यावा. त्याच्या खेळातील सर्वांत प्रभावी शस्त्रही झोप हेच ठरावे, हा योगायोग असो वा नसो, त्याची संगती फार सुंदर आहे.

पहिल्या पिढीतील पकडण्याचे गणित आज वाचताना चमत्कारिक भासते. प्रत्येक जातीला एक कॅच रेट ठरवून दिलेला असे. रटाटा, पिजी, मॅजिकार्प यांसारख्या सामान्य जिवांचा तो २५५, पिकाचूचा १९०, आरंभी मिळणाऱ्या बल्बासॉर वगैरेंचा ४५, आणि गुहेत दडून बसलेल्या म्यूटूचा अवघा ३. गोळा फेकला की यंत्र एक यदृच्छ संख्या काढी; साध्या पोके बॉलसाठी ती ० ते २५५ च्या दरम्यान, ग्रेट बॉलसाठी ० ते २०० च्या आणि अल्ट्रा बॉलसाठी ० ते १५० च्या दरम्यान असे. ही संख्या कॅच रेटहून मोठी निघाली की प्राणी सुटला. लहान निघाली तर दुसरी परीक्षा होई, आणि तिच्यात त्या जिवाच्या उरलेल्या शक्तीचा, म्हणजे खेळाडू ज्याला एचपी म्हणतात त्याचा, विचार केला जाई. परंतु प्राणी झोपलेला वा गोठलेला असेल तर पहिल्याच संख्येतून २५ वजा होत, आणि बधिर, भाजलेला किंवा विषग्रस्त असेल तर १२. शिवाय मूळ संख्याच २५ हून, अथवा १२ हून, लहान निघाली तर पुढची कोणतीही तपासणी न होता प्राणी तत्काळ धरला जाई.

या शेवटच्या कलमाचा अर्थ म्यूटूच्या बाबतीत लावून पाहावा. जागा असलेल्या म्यूटूवर अल्ट्रा बॉल फेकला तर १५१ संख्यांपैकी केवळ ४ अनुकूल, म्हणजे शंभरांत तीनही नाहीत. तोच म्यूटू निजलेला असेल तर २५ संख्या बिनशर्त अनुकूल, आणि शक्ती पुरेशी उतरली असल्यास त्यांत आणखी ४ ची भर. म्हणजे शंभरांत सुमारे १९. केवळ निजवल्याने यशाची शक्यता सातपट होते. उलट, त्याची शक्ती अखेरच्या थेंबापर्यंत उतरवण्यासाठी ज्या असंख्य मुलांनी काळजाचा ठोका चुकवीत एकेक हलका घाव मोजून घातला, त्यांच्या त्या परिश्रमांचे फळ फारसे नव्हते. कारण अल्ट्रा बॉलच्या बाबतीत शक्ती एकतृतीयांशावर आली की दुसरी परीक्षा आपोआप पार पडे, आणि त्याखाली आणखी उतरवून यत्किंचितही लाभ होत नसे. ग्रेट बॉलला तर निम्म्यावर आलेली शक्ती पुरे होई. ६०० येनांचा ग्रेट बॉल या दुसऱ्या परीक्षेत १२०० येनांच्या अल्ट्रा बॉलहून सरस होता! अब्रा हा प्राणी पहिल्याच संधीला टेलिपोर्ट करून अदृश्य होतो, त्यामुळे त्याला दुर्बल करण्यास वेळच मिळत नाही. त्याचा कॅच रेट २०० असल्यामुळे पहिली परीक्षा दोन्ही गोळ्यांनी पार पडते, आणि मग दुसरीत स्वस्त गोळा निम्म्या वेळा यश देतो, तर महाग गोळा तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर रेंगाळतो. दुकानातील किंमत हीच गुणवत्ता असे गृहीत धरणाऱ्या खेळाडूला हे कळण्याचा कोणताही मार्ग खेळाने ठेवला नव्हता.

जेथे नियम दिसत नाहीत तेथे श्रद्धा उगवतात. गोळा हलू लागला की खालचे बटण आणि बी एकदम दाबून धरावे, किंवा प्रत्येक हेलकाव्याबरोबर ए दाबावे, म्हणजे प्राणी सुटत नाही, ही समजूत समुद्र ओलांडून देशोदेशींच्या मुलांत कशी पसरली याचा शोध एखाद्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने घ्यावा इतकी ती व्यापक आहे. बटणांचा निकालावर काडीमात्र परिणाम होत नाही. गोळा हलण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. तथापि त्या दोन-तीन सेकंदांत काहीतरी करता यावे ही मुलाची तळमळ खोटी नव्हती, आणि म्हणून त्या समजुतीला हसणे मला प्रशस्त वाटत नाही.

१९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये ॲझेलिया गावचा कर्ट हा वृद्ध कारागीर ॲप्रिकॉर्न नावाच्या फळांपासून खास गोळे बनवून देऊ लागला. कल्पना रम्य, पण अंमलबजावणीत दोष शिरले: भिन्नलिंगी प्राण्यावर चालावयाचा लव्ह बॉल समलिंगी प्राण्यावर चाले, मून बॉलचा विशेष गुण तर कोणालाच लागू होत नसे, आणि बधिरता, दाह व विष यांचा लाभ खेळाच्या आज्ञावलीतील चुकीमुळे मिळतच नसे. या पिढीची खरी देणगी दुसरीच आहे, ती म्हणजे फॉल्स स्वाइप. हा घाव कितीही जोरात बसला तरी समोरच्याचा एक एचपी शिल्लक राहतोच, त्यामुळे पकडणाऱ्याच्या हातून होणारा अपमृत्यू टळला. भूत जातीच्या प्राण्यांवर मात्र तो चालत नाही, हे नवखे नेहमी विसरतात.

२००२ च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’पासून गणिताची मांडणी सरळ झाली, आणि थोड्याफार फेरफारांसह तीच पुढे टिकली. कॅच रेट, गोळ्याचा गुणक, उरलेली शक्ती आणि अवस्थेचा गुणक यांचा गुणाकार करावयाचा, आणि तो २५५ च्या किती जवळ जातो ते पाहावयाचे. शक्ती पूर्ण असताना हा आकडा एकतृतीयांश होतो आणि एकच एचपी उरला असता जवळजवळ पूर्ण; म्हणजे लढून दुर्बल करण्याचा सगळा लाभ तिपटीपुरता. झोप किंवा गोठणे यांनी दुप्पट, आणि २०१० च्या ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’पासून अडीचपट, बधिरता, विष व दाह यांनी दीडपट. याच हिशेबाने म्यूटूकडे पुन्हा पाहिले तर शक्ती पूर्ण असताना साधा गोळा फेकणाऱ्याला २५५ त एकच संधी आहे, आणि त्याला एका एचपीवर आणून, निजवून, अल्ट्रा बॉल फेकणाऱ्याला शंभरांत सुमारे ४. म्हणजे सरासरीने पंचवीस गोळ्यांची खर्ची बांधूनच गुहेत शिरले पाहिजे.

अवस्थांची निवड करताना मात्र केवळ गुणकाकडे पाहून भागत नाही. विष आणि दाह यांनी दर खेपेस प्राण्याची शक्ती झरत जाते, आणि एका एचपीवर आणलेला दुर्मीळ जीव आपल्या डोळ्यांदेखत गतप्राण होतो. पकडण्याच्या कामी हे दोन्ही उपाय मी त्याज्य मानतो. झोप सर्वांत लाभदायक, पण ती मोडते. थंडर वेव्हने आणलेली बधिरता दीडपटच देते, परंतु लढाई संपेपर्यंत टिकते. निजवण्याच्या उपायांतही प्रतवारी आहे: हिप्नोसिस दहांत सहा वेळा लागू पडते, स्लीप पावडर चारांत तीन वेळा, आणि स्पोर, गवत जातीचे प्राणी वगळता, कधीच चुकत नाही. म्हणूनच स्पोर आणि फॉल्स स्वाइप ही दोन्ही अंगी बाणवलेला ब्रेलूम अनुभवी खेळाडूच्या पथकात कायमचा मुक्काम ठोकून असतो. लढवय्या म्हणून त्याची कीर्ती मोठी आहेच, पण पकडणाऱ्याचा मदतनीस म्हणून ती अधिक सार्थ आहे.

सामान्य नियम हात टेकतात अशा एका प्राण्याची हकीकत तपशिलाने सांगण्यासारखी आहे. बेलडम हा लोखंडी देहाचा लहानगा जीव २०१६ च्या ‘सन’ व ‘मून’ या खेळांत माउंट होकुलानीवर क्वचित भेटतो. कॅच रेट ३, म्हणजे म्यूटूइतकाच दुर्धर. आणि त्याला टेक डाउन हा एकच घाव येतो, ज्याने त्याचे स्वतःचेही नुकसान होते. खेळाडू गोळ्यांमागून गोळे फेकत राहिला तर बेलडम आपल्याच धडकांनी प्राण सोडतो. येथे बळ, चापल्य, महाग गोळे यांपैकी कशाचाही उपयोग नाही. उपयोग आहे तो भूत जातीचा प्राणी पुढे उभा करण्याचा, कारण टेक डाउन भुताला लागत नाही, आणि जे लागले नाही त्याची परतफेडही बेलडमला सोसावी लागत नाही. परंतु या युक्तीलाही मुदत आहे. टेक डाउन वीस वेळाच करता येतो. तो संपला की बेलडम हताश होऊन स्ट्रगल करू लागतो, आणि प्रत्येक खेपेस आपली एकचतुर्थांश शक्ती गमावतो. शिवाय त्या खेळात वन्य प्राणी हाक मारून सोबती बोलावतात, आणि समोर दोघे असले की गोळा फेकताच येत नाही. ही हाक बंद पाडण्याचा एक मार्ग म्हणजे प्राण्याला एखादी अवस्था जडवणे. झोप येथे तिहेरी कामास येते. गुणक वाढतो, हाक थांबते, आणि निजलेला बेलडम टेक डाउनची शिल्लकही खर्च करीत नाही.

पळपुट्या जातींची गोष्ट वेगळी. ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मधील रायकू आणि एन्टेई एका जागी राहत नाहीत, दिसताच निसटतात. त्यांची पातळी ४० असते हे ध्यानी घेऊन जाणत्यांनी अशी हिकमत काढली की, चाळिसाच्या जवळपासच्या पातळीचा, पण चाळिसाहून वरचा नव्हे असा, आपला प्राणी पुढे ठेवावा आणि रिपेल वापरावे. रिपेलमुळे त्याहून खालच्या पातळीचे किरकोळ जीव अंगावर येत नाहीत, आणि गवतात काही हललेच तर ते इच्छित सावजच असते. मग मीन लुक या डावाने त्याची वाट अडवावयाची. समोर न दिसणाऱ्या प्राण्याचा माग केवळ वजाबाकीने काढण्याची ही रीत मला या साऱ्या वाङ्मयातील अत्यंत बुद्धिमान युक्ती वाटते.

गोळ्यांच्या बाबतीत २००६ च्या ‘डायमंड’ व ‘पर्ल’ने क्रांती केली. पहिल्याच खेपेस फेकल्यास क्विक बॉल चौपट परिणाम देऊ लागला, पुढे पाचपट. पूर्ण शक्तीच्या पिकाचूवर तो फेकला तर धरला जाणे जवळजवळ निश्चित. मग सामान्य जिवांशी लढण्यात काळ का दवडावा? रात्री आणि गुहांत डस्क बॉल साडेतीनपट चाले, पाण्यातील व कीटक जातीच्या प्राण्यांवर नेट बॉल तिप्पट, आणि लांबलेल्या लढाईत टायमर बॉल वाढत वाढत चौपटीवर जाई. गळाला लागलेला मोठा मासा दोरी सैल-ताण करीत दमवणाऱ्या कोळ्याप्रमाणे टायमर बॉलचा खेळाडू वेळालाच आपल्या बाजूने राबवतो. मास्टर बॉल मात्र कधीच चुकत नाही. बहुधा एका खेळात एकच मिळणारा हा गोळा म्यूटूवर खर्चावा असा प्रघात आहे. माझ्या मते तो एका जागी स्थिर उभ्या असलेल्या प्राण्यावर खर्चणे हा अपव्यय होय, कारण त्याच्याशी झालेली झुंज फसली तर आधी नोंदवून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करता येते. निसटणाऱ्या प्राण्यासाठी, किंवा ज्याच्या रंगभेदाची शक्यता २०१३ पूर्वीच्या खेळांत ८१९२ त एक आणि त्यानंतर ४०९६ त एक आहे अशा शायनी पळपुट्यासाठी, तो राखून ठेवावा.

पहिल्या खेळांतील फुशिया सिटी या गावच्या सफारी झोनमध्ये यांपैकी कोणतेच साधन नाही. ५०० येन भरावे, ३० सफारी बॉल घ्यावे आणि ५०० पावले चालावे. दगड मारला तर प्राणी धरणे सोपे होते, पण तो चिडून लवकर पळतो. आमिष टाकले तर तो रेंगाळतो, पण धरणे कठीण होते. दोन्हींत एक खेप खर्च होते ती वेगळीच, त्यामुळे मुकाट्याने गोळेच फेकत राहावे हा हिशेबी लोकांचा कौल मला मान्य आहे, जरी टॉरोससारखा वेगवान प्राणी, ज्याच्या वेगावरच त्याचे पलायन ठरते, हातचा निसटताना पाहणे क्लेशकारक असते.

२०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने हा सगळा व्यवहार रस्त्यावर आणला. भारतात तो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साहाय्याने रीतसर दाखल झाला, पण मुंबई-पुण्यातील हौशी मंडळी त्याआधीच हाती मोबाइल घेऊन बागा आणि समुद्रकिनारे पालथे घालू लागली होती. येथे वन्य प्राण्याला दुर्बल करण्याची सोयच नाही. आहे ते बोटाचे कसब. गोळा फिरवून वक्र फेकल्यास १.७ पट, सोनेरी रॅझ बेरी खाऊ घातल्यास २.५ पट, आणि आकुंचन पावलेल्या वर्तुळात अचूक बसवल्यास सुमारे १.८५ पट; आणि हे गुणक साध्या गुणाकाराने लागू न होता घातांकाच्या जागी बसतात. मूळ शक्यता शंभरांत ५ असेल तर तिन्हींच्या संयोगाने ती ३३ च्या घरात जाते. यातील मर्म असे की वर्तुळ हवे तितके लहान झाले की गोळा हातातच धरून ठेवावा, प्राणी हल्ला करण्याची वाट पाहावी, आणि हल्ला संपता संपता गोळा सोडावा. दरम्यान वर्तुळाचा आकार तसाच राहतो. जेथे निजवता येत नाही तेथे त्याच्या हालचालीची लय ओळखूनच काम साधते.

२८ जानेवारी २०२२ रोजी आलेल्या ‘लेजेंड्स : आर्सेउस’ने, माझ्या मते, या विद्येला तिच्या मूळ स्वभावाकडे नेले. हिसुई या प्रदेशाच्या रानात खेळाडू उंच गवतात दबा धरून बसतो, फळ टाकून प्राण्याचे लक्ष वळवतो, आणि त्याने पाठ फिरवताच गोळा फेकतो. पाठीमागून, नकळत फेकलेल्याला अधिक यश. लढाई अनिवार्य राहत नाही. नोंदवहीच्या कामगिरीत कित्येक जातींसाठी ‘न दिसता धरले’ असा रकाना आहे, म्हणजे किती धरले याइतकेच कसे धरले यालाही महत्त्व आले. भित्रा प्राणी चाहूल लागताच पळतो, आक्रमक प्राणी खेळाडूवरच चालून येतो, आणि एकदा त्याने पाहिले की बहुधा त्याला लढूनच वश करावे लागते. पंचवीस वर्षे आकड्यांत कोंडलेली प्रकृती अखेर डोळ्यांना दिसू लागली. झाडाखाली दगड ठेवणाऱ्या मुलाला हा खेळ तत्काळ समजला असता.

याच फेकण्याच्या कृतीवरून पुढे न्यायालयात वाद गेला, ही गोष्ट आढाव्यातून गाळता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये पॉकेटपेअर या जपानी कंपनीचा ‘पॅलवर्ल्ड’ आला. त्यातही रानातील जीव दुर्बल करून गोलक फेकून धरावयाचे, आणि पाठीमागून फेकल्यास लाभ अधिक. सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनी यांनी टोकियो जिल्हा न्यायालयात पेटंटभंगाचा दावा दाखल केला. दाव्यातील तीन पेटंटांची नोंदणी २०२४ मधली, मात्र त्यांचा अग्रहक्क डिसेंबर २०२१ पासूनचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॉकेटपेअरने गोलक फेकून आपला पॅल, म्हणजे त्या खेळातील धरलेला जीव, बोलावण्याची रीत बदलली, आणि हा बदल दाव्यामुळेच करावा लागला असे पुढे जाहीरपणे मान्य केले. पकडण्यासाठी फेकणे मात्र कायम ठेवले. हिसुईचे रान ज्यांनी रचले त्यांच्या कल्पकतेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही माझे मत असे की, नेम धरणे, फेकणे आणि धरणे या क्रमावर एका घराण्याचा मक्ता नसावा; कारण या लेखात आलेली प्रत्येक सुधारणा, मग ती वाटाघाट असो, आमिष असो वा पाठीमागून साधलेला नेम असो, एकाने दुसऱ्याचे पाहून आणि त्यात आपली भर घालूनच झालेली आहे.